वसंतदादा पाटील: मंत्रिपदाविना वीस वर्षं

आडसाली

वसंतदादांचा विषय निघाला की बोलणं दोनच ठिकाणी घुटमळतं. एक म्हणजे १९४३ चा सांगलीचा तुरुंग, दुसरं १९७८ मध्ये दादांचं सरकार पाडून आलेलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार. दोन्ही महत्त्वाचंच. पण या दोन्हींच्या मधे पस्तीस वर्षं गेली आणि त्या काळात हा माणूस नक्की काय करत होता, हे आज सांगलीतल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं तर धड सांगता येत नाही. पुतळा माहीत आहे, कारखान्याचं नाव माहीत आहे, बस्स. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. मुख्यमंत्रिपदावर दादा सगळे मिळून साडेतीन वर्षं होते. १७ मे १९७७ ते जुलै १९७८, आणि नंतर फेब्रुवारी १९८३ ते जून १९८५. वसंतराव नाईक सलग अकरा वर्षं होते. तरीही आमच्या भागात जुनी माणसं 'दादा' म्हणाली की दुसरं कुणाचं नाव विचारावं लागत नाही. कारण दादांची खरी कारकीर्द १९५२ ते १९७२ या वीस वर्षांतली आहे, आणि त्या वीस वर्षांत त्यांच्याकडे एकही खातं नव्हतं.

दादा पद्माळ्याचे. सांगलीला लागूनच असलेलं कृष्णाकाठचं गाव. जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. अगदी तान्हे असताना आईवडील साथीत गेले, आजीनं वाढवलं. शाळा बेताचीच झाली. शेती करता करता पोरगा काँग्रेसच्या चळवळीत ओढला गेला तो गेलाच. तुरुंगातून १९४६ ला सुटले. पुढं १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत दादा सांगलीचे आमदार झाले. स्वातंत्र्यसैनिक, अंगावर गोळीची खूण, मागं माणसं. दुसरा कुणी असता तर मुंबईला तळ ठोकून बसला असता. दादा ऊस आणि पाणी यांच्या मागं लागले.

तेव्हा ऊस म्हणजे गुऱ्हाळ. रात्रभर जाळ घालून काहिलीत रस आटवायचा, ढेपा गाडीत घालून पेठेत अडत्याच्या दारात न्यायच्या, आणि भाव पडला असला तर मिळेल ते घेऊन परत यायचं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० मध्ये सहकारी कारखाना चालू करून दाखवला होता. शेतकऱ्यांचे शेअर, सरकारचं भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज, अशी ती जुळणी. कागदावर सोपी वाटते. पण पहिला भाग, म्हणजे शेअर गोळा करणं, हे गावोगाव फिरून, माणसामाणसाला पटवून करायचं काम होतं. ज्याच्या हातात वर्षातून एकदाच पैसा येतो त्याला, अजून ज्याचा पायाही खणलेला नाही अशा कारखान्यात पैसे घालायला सांगायचं.

दादांनी सांगलीत उभारलेल्या साखर कारखान्याचा, आमच्या आजोबांच्या नावचा शेअरचा दाखला अजून घरात आहे. कडा कुरतडलेल्या, मागच्या बाजूला हप्त्यांच्या नोंदी, शाई तपकिरी पडलेली. पहिला हप्ता त्यांनी हळदीच्या पट्टीतून भरला. अडत्याकडनं पैसे घेतले आणि घरी न जाता तसेच भरायला गेले. घरी गेले असते तर ते पैसे आत्याच्या लग्नाच्या बस्त्याला गेले असते, असं आजी सांगायची. तिचा त्यावर राग शेवटपर्यंत होता. पण पुढं बिलातनं घर बांधलं तेही तीच सांगायची.

कारखाना उभा राहिल्यावर दुसरा प्रश्न आला, उसाचा. नदीकाठची पट्टी सोडली तर पाणी कुठं होतं? मग नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथनं पाइपलाइन, वर माळाला चेंबर, आणि चेंबरपासनं पाट. गावातल्या शेतकऱ्यांची उपसा जलसिंचन संस्था, बँकेचं कर्ज, कारखान्याची हमी, आणि वसुली उसाच्या बिलातून. कर्ज बुडण्याची भीती कमी, म्हणून बँक तयार. पाणी आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून कारखान्याची गाळपक्षमता वाढली, ती वाढली म्हणून पुढच्या गावाच्या योजनेला हमी देता आली. हा कारखाना एके काळी आशियातल्या मोठ्या सहकारी कारखान्यांत गणला जायचा तो असा.

याच माणसांमधनं सोसायट्या, जिल्हा बँक, १९६२ नंतर जिल्हा परिषद. १९६७ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हाही दादा मंत्री नव्हते. प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले, मंत्री कोण होणार यात त्यांचा शब्द चालायचा, स्वतः मात्र बाहेरच. पहिलं खातं घेतलं ते १९७२ मध्ये, नाईकांच्या मंत्रिमंडळात, आणि तेही पाटबंधारे. ते वर्ष दुष्काळाचं होतं हे ध्यानात घ्या.

तुमच्या घरात, गावात त्या वीस वर्षांच्या काय आठवणी आहेत, त्या लिहा. टीकाही लिहा.

गणेशदुर्ग

चांगला धागा. तुरुंगाचा प्रसंग तुम्ही एका ओळीत उरकलात, पण दादांचं पुढचं सगळं राजकारण त्यावर उभं आहे, म्हणून थोडं लिहितो.

सांगलीचा तुरुंग गणेशदुर्गात, म्हणजे संस्थानच्या किल्ल्यात, गावाच्या मधोमध. बाजूनं खंदक. २४ जुलै १९४३ ला दादा आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका घेतल्या आणि भर दिवसा तटावरनं खंदकात उड्या टाकल्या. पावसाळ्याचे दिवस. मागं पोलीस. पाठलागात बाबूराव जाधव आणि अण्णासाहेब पत्रावळे गोळीबारात गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते सापडले. शिक्षा तेरा वर्षांची झाली.

जाधव आणि पत्रावळे ही दोन नावं दरवेळी घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. दादा जगले म्हणून त्यांचा इतिहास झाला. या दोघांची नावं २४ जुलैच्या कार्यक्रमापुरती राहिलीत.

शेअर गोळा करताना लोकांनी पैसे दिले ते कारखान्याचा हिशोब कळला म्हणून नव्हे. या माणसानं गोळी खाल्लीय, हा आपले पैसे खाणार नाही, एवढाच हिशोब होता. आमच्या वडिलांच्या तोंडचं हे वाक्य आहे.

वारणाकाठ

आडसाली, लेख उत्तम, पण तुमच्या लिखाणात नदीच्या एकाच बाजूचा माणूस दिसतो. आम्ही वाळवा तालुक्यातले, आमचे नेते राजारामबापू पाटील. आमच्याकडं दादांची आठवण वेगळी आहे.

खुजगाव की चांदोली, हा वाद इथल्या किती जणांना माहीत आहे? वारणेवर धरण कुठं बांधायचं यावरनं जिल्हा अनेक वर्षं दुभंगला होता. राजारामबापूंचा आग्रह खुजगावचा. तिथं साठा मोठा झाला असता. दादा चांदोलीच्या बाजूचे. शेवटी धरण चांदोलीलाच झालं आणि जलाशयाला नावही वसंतसागर मिळालं. क्षमता चौतीस टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. खुजगावला झालं असतं तर दुष्काळी भागाला किती पाणी देता आलं असतं, ही बापूंची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी पदयात्रा काढल्या, पक्ष सोडला, सत्ता सोडली. १९८४ मध्ये गेले.

धरणाची जागा ठरवताना कुणाची जमीन वाचवायची आणि कुणाचं पाणी सोडायचं हे ठरतं. तो निर्णय राजकारणानं झाला, हे आम्ही विसरणार नाही.

शिराळकर

वारणाकाठ, बापूंबद्दल आदर आहेच. पण तुम्ही खालच्या अंगाला राहता. आम्ही वरच्या. खुजगावला धरण झालं असतं तर शिराळ्याच्या खोऱ्यातली भातशेती आणि कितीतरी जास्त गावं पाण्याखाली गेली असती. आमच्या आजोळचं गाव त्यात होतं. चांदोलीतही गावं उठलीच. आज ती माणसं जिल्हाभर वसाहतींमधून राहतात, आणि काहींच्या जमिनीचं घोंगडं अजून भिजत पडलंय. पण खुजगाव म्हणजे फक्त पाणी आणि चांदोली म्हणजे फक्त राजकारण, अशी मांडणी आम्हाला मान्य नाही.

वारणाकाठ

शिराळकर, तुमची बाजू समजते. बुडणाऱ्याचं दुःख मोठंच. मात्र दादा-बापूंचं भांडण पाण्यावरनं होतं, हे तरी आपण दोघंही मान्य करू. आजच्या जिल्ह्याच्या राजकारणात एवढ्या मुद्द्यावरनं कुणी कुणाशी वैर घेईल असं मला दिसत नाही.

जतपूर्व

आता आमचं ऐका.

तुम्ही कृष्णाकाठचे आणि वारणाकाठचे. तुमची भांडणंसुद्धा पाण्यातली. आमचा जत तालुका याच जिल्ह्यात आहे. ज्या वीस वर्षांचं कौतुक आडसाली करतात, त्या वीस वर्षांत आमची माणसं मुकादमाकडनं उचल घेऊन तुमचा ऊस तोडायला येत होती. दिवाळी झाली की गाव रिकामं. शाळेत पोरं नाहीत, घरात फक्त म्हातारी माणसं. पहाटे चारला थंडीत उठून मोळ्या बांधायच्या, पाल टाकून राहायचं, आणि हंगाम संपून पट्टा पडला की परत कोरड्या रानात यायचं. माझ्या आईचं लहानपण असं गेलं.

सहकार चांगला असेल. पण शेअर घ्यायला ऊस लागतो, ऊसाला पाणी लागतं. आमच्याकडं पाणीच नव्हतं, मग आम्ही त्या सहकारात कुठं होतो? आम्ही फक्त कोयता घेऊन होतो. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला तेव्हा मुंबईत सगळे खवळले. त्याआधी या गावांनी पाण्यासाठी ठराव केले होते, तेव्हा कोण खवळलं होतं?

दादांवर माझा राग नाही. पण चित्र पूर्ण काढा.

आडसाली

जतपूर्व, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तोडणी कामगार हा त्या सगळ्या व्यवस्थेचा पाया होता आणि त्याला ना शेअर मिळाला ना कारखान्यात मतदानाचा हक्क. सभासद तो मालक, तोडणारा मुकादमाचा माणूस. ही रचनेतली उणीव होती, एका हंगामाची नव्हे.

पाण्याबद्दल दोन गोष्टी मांडतो. कृष्णा खोऱ्यातलं पाणी तीन राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा १९७६ चा. महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००. वापर दाखवला नाही तर पुढच्या फेरविचारात आपला दावा लंगडा पडणार, हे पाटबंधारे खातं सांभाळलेल्या दादांना पक्कं ठाऊक होतं. ताकारी आणि म्हैसाळ उपसा योजनांना चालना मिळाली ती दादांच्या मुख्यमंत्रिपदाच्या दुसऱ्या काळात. म्हैसाळ ही तुमच्याच भागासाठी. कृष्णेचं पाणी मिरज तालुक्यात उचलून टप्प्याटप्प्यानं कवठेमहांकाळ आणि जतकडे चढवायचं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही मोहीमही त्याच काळातली, आणि ती नदीकाठासाठी नव्हती.

पण दादा १९८९ मध्ये गेले, कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ ला झालं आणि जतच्या रानात पाणी दिसायला त्यापुढंही कितीतरी वर्षं गेली. एका पिढीचं पूर्ण आयुष्य त्यात गेलं. त्याला दादांच्या नंतरची सगळी सरकारं जबाबदार आहेत, पण दादांनी आधी नदीकाठ धरला हेही खरंच. जिथं पैसा फिरेल तिथनं सुरुवात केली. त्यात शेतकऱ्याचा व्यवहारीपणा होता, आणि तुमच्यावर झालेला अन्यायही त्यातलाच.

विसापूर सर्कल

रोजगार हमीचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून लिहितो. वि. स. पागे आमच्या तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे सभापती. काम मागेल त्याला काम, हा प्रयोग पहिल्यांदा १९६९ मध्ये आमच्याच विसापूर भागात झाला. बहात्तरच्या दुष्काळात तो राज्यभर उपयोगी पडला, नंतर कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याचं श्रेय एकट्या कुठल्या मुख्यमंत्र्याचं नाही, पागेसाहेबांचं आहे. पण एकाच जिल्ह्यातनं एका बाजूला बागायतदाराचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला खडी फोडणाऱ्या बाईचा कायदेशीर हक्क, दोन्ही निघालं. जतपूर्व, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर त्या काळच्या माणसांनी या मार्गानं शोधलं होतं.

मिरजेची लेक

मला १९८३ च्या निर्णयाबद्दल बोलायचंय. दादांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर आमच्याकडं अभियांत्रिकी म्हणजे सांगलीचं वालचंद, पुण्याचं सरकारी, अशी मोजकी नावं. जागा तुटपुंज्या. ज्याच्याकडं पैसा तो पोराला कर्नाटकात डोनेशन भरून पाठवायचा.

मी त्या निर्णयामुळं इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यातली पहिली मुलगी. घरापासनं एसटीच्या पासवर जाता येईल असं कॉलेज निघालं म्हणून वडिलांनी पाठवलं. पुण्याला पाठवलं नसतंच. पण फीसाठी त्यांनी पाऊण एकर रान काढलं. शेजारच्या घरातली मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती. त्यांच्याकडं विकायला रान नव्हतं. ती डीएड झाली.

शाळा बेताची झालेल्या माणसानं शिक्षणाचं दार उघडलं हे फार मोठं आहे आणि मी त्याबद्दल आयुष्यभर ऋणी राहीन. मात्र दारावर फीचा जो पहारा बसला तो पुढं वाढतच गेला. कारखान्याचं मॉडेल दादांनी शिक्षणाला लावलं असं म्हणतात, तिथं मला अडचण वाटते. कारखान्यात शेतकरी सभासद होता, सर्वसाधारण सभेत उठून अध्यक्षाला प्रश्न विचारू शकत होता. कॉलेजात आमचे वडील कुणीच नव्हते, नुसते पैसे भरणारे. मालकी विश्वस्तांची. सहकाराचं मॉडेल खरंच लावलं असतं, पालकांना सभासद केलं असतं, तर आज वेगळं चित्र असतं.

आडसाली

मिरजेची लेक, पालक सभासद असलेलं कॉलेज! हा मुद्दा मी आजवर कुठंच वाचला नव्हता. पूर्ण अनुमोदन.

सातारा रोड

सगळं ठीक, पण १९७८? ज्यांना मोठं केलं त्यांनीच सरकार पाडलं. दादांनी वीस वर्षं माणसं जोडली म्हणता, मग आमदार एका रात्रीत गेले कसे?

आडसाली

या प्रश्नावर लोक भावनेनं बोलतात, म्हणून फक्त घटनाक्रम देतो. १९७६ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातनं बाहेर पडल्यावर दादांनी राजकारण संन्यास जाहीर केला होता. आणीबाणीनंतर काँग्रेस हरली, चव्हाण गेले, दादांना बोलावून आणलं. त्यांच्याच काळात सरकारी कर्मचाऱ्यांचा चोपन्न दिवसांचा संप झाला. १९७८ च्या निवडणुकीत फुटून झालेल्या दोन काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या, कुणालाच बहुमत नाही, मग दोघांचं मिळून सरकार. दादा मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. रोजची कुरबुर. जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि पुलोदचं सरकार आलं.

माझं मत विचाराल तर दादांची ताकद जिल्ह्यात होती, गावात होती. विधानभवनातली बेरीज-वजाबाकी हे त्यांचं रान नव्हतं. १९८५ मध्येही तेच. निवडणूक जिंकून आले आणि प्रदेशाध्यक्षाच्या नेमणुकीवरनं दिल्लीशी खटकलं तसा दोन-तीन महिन्यांत राजीनामा टाकला. नंतर राजस्थानचे राज्यपाल झाले, पण तिथं त्यांचं मन रमलं नसणार असं मला वाटतं. खुर्ची सोडून सांगलीला आले तरी माणसं तेवढीच भेटायला येणार, याची खात्री असलेला माणूस खुर्ची धरून ठेवत नाही.

दादरकर

मुंबईकर म्हणून एक भर. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे, असं दादा मुख्यमंत्री असताना बोलले आणि १९८५ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेला त्याचा मोठा फायदा झाला. ते चुकून बोलले की मुद्दाम, यावर आमच्याकडं अजून वाद होतात. गिरण्या बंद पडल्या होत्या, कामगार गावाला परतत होते, त्यांतले कितीतरी सातारा-सांगलीचेच. त्या वेळी हे वाक्य आमच्या चाळीत फार खोल गेलं.

खोडवा

मी तिशीतला आहे, ऊसच करतो. धागा वाचून एक गोष्ट खटकली. सगळे भूतकाळात बोलताहेत. दादांचा कारखाना कर्जात गेला आणि आज भाडेपट्ट्यानं चालतो. पुण्याजवळच्या मांजरीची साखर संशोधन संस्था दादांच्या नावानं उत्तम काम करते, तिथलं बेणं आमच्या रानात आहे. पण गावचा सभासद आज कारखान्याच्या दारात मालक म्हणून उभा राहत नाही. आमच्या भागातल्या एका कारखान्यानं मागं आमचं बिल इतकं थकवलं की सोसायटीचं कर्ज थकबाकीत गेलं. मी सभेला गेलो. अहवाल हातात पडायच्या आत 'मंजूर, मंजूर' झालं आणि राष्ट्रगीत सुरू.

त्यामुळं २०२४ ला दादांच्या नातवानं लिफाफा चिन्हावर अपक्ष म्हणून लोकसभेची निवडणूक जिंकली तेव्हा गावात गुलाल उडाला, मीही होतो. तरी नातवाला माझं मागणं एवढंच आहे की आमच्या पणजोबांच्या पिढीनं हळदीच्या पट्टीतनं भरलेल्या शेअरला पुन्हा किंमत आणा.

जतपूर्व

खोडवा, बरोबर बोललात. आडसाली, तुमच्या उत्तराबद्दल आभार, प्रामाणिक वाटलं.

माझ्याकडंही एक ताजी गोष्ट आहे. म्हैसाळचं पाणी आमच्या शिवारात येतं आता. बारमाही नाही, आवर्तन असेल तेव्हा. वीजबिलाचा ८१ टक्के भाग सरकार भरतं, १९ टक्के आमच्या पाणीपट्टीतनं. यंदा मी दोन एकर ऊस लावलाय. शेअर मिळावा म्हणून अर्ज दिला तर नवीन सभासद करून घेणं बंद आहे म्हणाले. ऊस न्यायला तयार, पाणीपट्टी बिलातनं कापायला तयार, सभासद करायला नाही. इथं कुणाला सहकार कायद्यातली नीट माहिती असेल तर सांगा, अर्ज लेखी नाकारून मागायचा का, आणि दाद सहायक निबंधकांकडं मागायची की साखर सहसंचालकांकडं?

मिरजेची लेक

लेखीच मागा. अर्जाची पोच घेतलीय ना? नसेल तर उद्याच दुसरा अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि लावणीच्या नोंदीची झेरॉक्स जोडा. माझे मोठे दीर सहकार खात्यातनं निवृत्त झालेत, त्यांना विचारून दाद कुठं मागायची ते इथंच लिहिते.